आणेवारी, नमुना आणि अंदाजांतील चूक

(१)

ऐतिहासिक कागदांची परीक्षा करण्याची रीत आपल्याकडे आतां बरीच ठरून गेली आहे. शिक्का, मिती, मायना, अक्षराचें वळण आणि इतर पुराव्यांशीं मेळ हीं पाहून एकादें पत्र अस्सल आहे कीं मागाहून रचलेलें आहे, याचा निर्णय आपण करतों. परंतु त्याच कागदांत एकादा आंकडा आला म्हणजे आपली चिकित्सा बहुधा तेथेंच थांबते. कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील आंकडाही खरा ठरला, असें आपण नकळत धरून चालतों. वास्तविक कागद अस्सल असणें ही एक गोष्ट आणि आंकडा बरोबर असणें ही निराळी गोष्ट. अस्सल कागदावर प्रामाणिक कारकुनानें प्रामाणिकपणें उतरलेला आंकडाही चुकीचा असूं शकतो. आणि ती चूक कोणत्या जातीची आहे हें ओळखण्याचें शास्त्र गेल्या साडेतीनशें वर्षांत तयार झालें आहे. त्यास संख्याशास्त्र म्हणतात, व त्याच्या पायाशीं संभाव्यतेचा विचार आहे.

या शास्त्राच्या मूळ कल्पना समजून घेण्यास फार दूर जावयास नको. शेतांत उभें असलेलें पीक किती, या एका प्रश्नाचा हिंदुस्थानांतील इतिहास पाहिला तरी समष्टि, नमुना, यदृच्छा, विचलन व अभिनति या पांचही संज्ञा त्यांत एकामागून एक भेटतात. प्रस्तुत लेखांत तो इतिहास थोडक्यांत देऊन, त्यापासून कागदांतील आंकडे वाचणाऱ्यानें काय घ्यावें याचा विचार केला आहे.

(२)

सगळें न मोजतां सगळ्याचा आंकडा सांगणें ही कल्पना आपल्या वाङ्मयांत जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा रथांतून विदर्भाकडे जात असतां वाटेंतील एका बेहड्याच्या झाडाकडे बोट दाखवून सांगतो कीं, याच्या दोन फांद्यांवर पांच कोटि पानें व दोन हजार पंच्याण्णव फळें आहेत. सारथ्याच्या वेषांतील नल रथ थांबवितो, मोजून पाहतो, आणि संख्या जुळते. पुढें राजा त्यास द्यूताची विद्या देतो. ही कथा आहे, इतिहास नव्हे. व राजानें हिशेब कोणत्या रीतीनें केला हें कथाकारानें सांगितलेलें नाहीं. तथापि दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. फांशांची विद्या व मोजणीची विद्या यांची जोडी कथाकारानें घातली आहे, ही एक. राजाच्या शब्दावर विश्वास न ठेवतां नलानें स्वतः मोजून पाहिलें, ही दुसरी. अंदाज करणें हें अर्धें शास्त्र आहे. त्या अंदाजाची पारख करणें हें उरलेलें अर्धें.

पिकाच्या बाबतींत मात्र शतकानुशतकें पहिलें अर्धेंच चालू राहिलें. मराठी अमदानींतील पाहणीदार शेतें नजरेखालीं घालून आकार ठरवीत. कोंकणांत खोत व कुळें यांच्यामध्यें वांट्याचा प्रश्न आला म्हणजे उभ्या पिकाची अभावणी होई, आणि ती जास्त झाली कीं कमी, यावरून तंटे होत. इंग्रजी अमदानींत याच चालीस सरकारी गणिताचें रूप आलें. लागवडीचें क्षेत्र, दर एकरीं सामान्य उत्पन्न आणि आणेवारी या तिहींचा गुणाकार म्हणजे त्या सालचें उत्पन्न, असें सूत्र ठरलें. सामान्य सालीं जें पीक येतें त्याच्या मानानें चालू सालचें पीक किती आणे आहे, हा अंदाज म्हणजे आणेवारी.

या तीन अंकांपैकीं क्षेत्राचा अंक रयतवारी मुलखांत गांवच्या दप्तरांतून निघत असल्यामुळें बराच भरंवशाचा असे. कायमधाऱ्याच्या बंगाल-बिहारांत गांवोगांव तसें दप्तर नसल्यामुळें तोही अंदाजानेंच धरावा लागे. आणेवारी तर सर्वत्र नजरेची. शिवाय सामान्य पीक म्हणजे किती आणे, याविषयींही एकवाक्यता नव्हती. कोठें सोळा आणे धरीत, कोठें बारा. आपल्या भाषेंत सोळा आणे म्हणजे सर्वांगीं पुरें. तेव्हां ज्यास सोळा आणे म्हणजे आठवणींतलें उत्तम साल असें वाटे, तो यंदाचें पीक सहजच कमी सांगे. उदाहरणार्थ, दहा हजार एकर क्षेत्र व एकरीं ४०० रत्तल सामान्य उत्पन्न धरलें, तर आठ आणे पीक म्हणजे वीस लक्ष रत्तल आणि सहा आणे पीक म्हणजे पंधरा लक्ष. पाहणाऱ्याची नजर दोन आण्यांनीं चुकली कीं पांच लक्ष रत्तल धान्य कागदावर उत्पन्न होतें किंवा नाहींसें होतें.

(३)

या दोन आण्यांवर माणसांचें काय अवलंबून असे, हें इ. स. १९१८ च्या खेडा जिल्ह्यांतील सत्याग्रहावरून कळतें. खेडा त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होता. वसुलीच्या नियमाप्रमाणें पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलें तर त्या सालचा सारा तहकूब करण्याची मागणी रयतेस करतां येई. इ. स. १९१७ च्या अतिवृष्टीनें पिकें गेलीं. सरकारी अंमलदारांच्या मतें पीक चार आण्यांहून जास्त होतें. रयतेच्या मतें तें चार आण्यांच्या आंत होतें. भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांनीं चौकशी केली. महात्मा गांधींनीं गांवें पाहिलीं आणि निःपक्षपाती चौकशी व्हावी अशी मागणी केली. ती मान्य झाली नाहीं. मार्च १९१८ मध्यें नडियाद येथें सत्याग्रहाची प्रतिज्ञा झाली. नंतरच्या महिन्यांत रयतेचीं गुरें व चीजवस्तू जप्त झाली. जून महिन्यांत, ज्यांस शक्य आहे त्यांनीं सारा भरावा व गरिबांचा तहकूब व्हावा, या तडजोडीवर तो लढा थांबला.

या प्रकरणाची राजकीय बाजू सर्वांस ठाऊक आहे. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, वादाचा मूळ मुद्दा एक संख्या होती आणि ती संख्या काढण्याची उभयपक्षीं मान्य अशी रीत अस्तित्वांतच नव्हती. एका बाजूस सरकारी नजर, दुसऱ्या बाजूस रयतेची नजर. एकाचा कल वसुलीकडे, दुसऱ्याचा कल सुटकेकडे. दोघेही प्रामाणिक आहेत असें धरलें तरी कोणाचा आंकडा किती चुकूं शकतो, हें दोघांसही सांगतां आलें नसतें. ज्या अंदाजाच्या चुकीचें माप सांगतां येत नाहीं, त्यावरील वाद पुराव्यानें मिटत नाहीं. तो बळानें किंवा तडजोडीनेंच मिटतो.

(४)

चुकीचें माप सांगण्याची विद्या युरोपांत जुगाराच्या प्रश्नांतून निघाली. इ. स. १६५४ मध्यें पास्कल व फर्मा या फ्रेंच गणित्यांनीं, अर्धवट सोडलेल्या डावांतील रक्कम खेळाडूंत कशी वांटावी, या प्रश्नावर पत्रव्यवहार केला. त्यांतील मुख्य विचार सोपा आहे. दोन फांसे टाकले असतां छत्तीस प्रकारचीं दानें पडूं शकतात. त्यांपैकीं सहा प्रकारांत बेरीज सात येते. म्हणून सात पडण्याची संभाव्यता छत्तिसांत सहा, म्हणजे एक षष्ठांश. पुढचें दान काय पडेल हें कोणासही सांगतां येत नाहीं. परंतु पुष्कळ दानांचा एकत्र विचार केला तर त्यांस नियम आहे. इ. स. १६६२ मध्यें जॉन ग्राँट यानें लंडनच्या मृत्यूंच्या याद्या घेऊन तशाच प्रकारची नियमितता माणसांच्या जन्ममृत्यूंतही दिसते, हें दाखविलें. याकोब बर्नुली याच्या इ. स. १७१३ त, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत याचें गणिती प्रमाण आलें: प्रयोगांची संख्या वाढवीत गेलें असतां प्रत्यक्ष आढळणारें प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या हवें तितकें जवळ येण्याचा भरंवसा वाढत जातो.

हा नियम शेतास लावण्यास मध्यें एक दुवा हवा होता. फांसा निर्हेतुक असतो. शेत निवडणारा माणूस निर्हेतुक नसतो. घोड्यावरून फिरणाऱ्या अंमलदारास रस्त्याकडेचीं शेतें दिसतात. त्यास वाट दाखविणारा पाटील आपल्या सोईचीं शेतें दाखवितो. अशा शेतांस बर्नुलीचा नियम लागू पडत नाहीं. तो लागू व्हावयाचा तर निवड माणसाच्या हातून काढून फांशाच्या हातीं द्यावयास पाहिजे. हिंदुस्थानांत हें काम प्रथम जॉन हबक या मुलकी अंमलदारानें केलें. बिहार व ओरिसा प्रांतांत इ. स. १९२३ पासून १९२५ पर्यंत त्यानें भाताच्या पिकाची याप्रमाणें कापणी करून पाहिली, व तिचा वृत्तांत इ. स. १९२७ मध्यें पुसा येथील शेतकी संस्थेच्या पत्रिकांत प्रसिद्ध झाला. विलायतेंतील रॉथॅमस्टेड येथील कामावर या वृत्तांताचा परिणाम झाल्याचें खुद्द रोनाल्ड फिशर यांनीं पुढें मान्य केलें. हा हबक पुढें ओरिसाचा पहिला गव्हर्नर झाला. परंतु त्याचें खरें स्मारक ही लहानशी पत्रिकाच होय.

(५)

आतां संज्ञांचा अर्थ सांगतां येईल. एकाद्या जिल्ह्यांतील भाताचीं सर्व शेतें, त्यांतील सर्व पिकासह, ही समष्टि. तिच्यांतून प्रत्यक्ष कापून वजन केलेले जे थोडे तुकडे, तो नमुना. प्रत्येक शेतास निवडीची संधि आगाऊ ठरलेली असेल व निवडणाऱ्याच्या आवडीनिवडीस वाव नसेल, तर ती निवड यदृच्छ. यदृच्छ म्हणजे वाटेल तशी नव्हे. उलट ती फार काटेकोर असावी लागते. गांवच्या सर्व्हे नंबरांची यादी घ्यावयाची. अंकांच्या छापील कोष्टकांतून नंबर काढावयाचे. ज्या नंबराचें शेत येईल त्याच्या ठराविक कोपऱ्यापासून कोष्टकांत येतील तितकीं पावलें लांबीकडे व तितकीं रुंदीकडे जावयाचें. तेथें खुंटी ठोकून दोरी ताणावयाची, आणि आंतलें पीक कापून, मळून, वाळवून वजन करावयाचें. जागा चिखलाची निघाली किंवा पीक खुरटें निघालें म्हणून ती बदलावयाची नाहीं. टिपेट यानें इ. स. १९२७ मध्यें अशा कामासाठीं ४१,६०० अंकांचें कोष्टक प्रसिद्ध केलें होतें.

अशा तुकड्यांचीं वजनें एकसारखीं येत नाहींत. सरासरीपासून तीं साधारणपणें किती दूर पसरलेलीं आहेत, याचें माप म्हणजे प्रमाण विचलन. समजा, हें विचलन सरासरीच्या शेंकडा ३० आहे. तर १०० तुकड्यांच्या सरासरींत संभवणारी प्रमाण चूक शेंकडा ३, आणि ४०० तुकड्यांच्या सरासरींत शेंकडा दीड. नमुना चौपट केला कीं चूक निम्मी होते; म्हणजे नमुन्याच्या वर्गमुळाच्या मानानें ती घटते. समष्टि किती मोठी आहे यावर ती फारशी अवलंबून नसते, हें नवख्यास खरें वाटत नाहीं. परंतु भाताची परीक्षा शितावरून, ही आपली म्हण तेंच सांगते. मात्र त्या म्हणींतही भात आधीं चांगला हालवलेला असावा लागतो.

यांत नवीन काय झालें? अंदाज अचूक झाला, असें नव्हे. अंदाजाबरोबर त्याच्या चुकीचें मापही प्रथमच सांगतां येऊं लागलें. अशी रीत उभयपक्षीं मान्य असती तर खेड्यांतील पीक अमुक आणे आहे व त्यांत अमुक इतकी चूक संभवते, एवढें तरी वादाबाहेर ठेवतां आलें असतें.

(६)

ही रीत प्रांताच्या विस्तारावर चालविण्याचें श्रेय प्रशांतचंद्र महालनोबिस यांचें. भौतिकशास्त्राचा हा अध्यापक संख्याशास्त्राकडे वळला व इ. स. १९३१ त त्यानें कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापिली. इ. स. १९३७ पासून बंगालच्या तागाच्या क्षेत्राची नमुना-पाहणी त्यांनीं हातीं घेतली व १९४१ पर्यंत ती सर्व प्रांतभर पोंचविली. त्यांनीं एक फार उपयुक्त योजना केली. एकाच मुलखांत दोन स्वतंत्र टोळ्या, एकमेकींशीं संबंध न ठेवतां, आपापले यदृच्छ नमुने पाहत. दोघींचे आंकडे चुकीच्या अपेक्षित मर्यादेंत जुळले तर ठीक. न जुळले तर शेतांत नव्हे, माणसांत कांहीं बिघडलें आहे असें समजावें. नलानें झाडाखालीं जें केलें, तेंच येथें नियमानें केलें जाऊं लागलें.

असें असतांही इ. स. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आला तेव्हां प्रांतांतील भाताचे सरकारी आंकडे जुन्याच नजर-अंदाजाचे होते. वुडहेड आयोगानें इ. स. १९४५ त मृतांची संख्या सुमारें पंधरा लक्ष धरली. पुढील अभ्यासकांनीं ती याहून बरीच अधिक ठरविली आहे. पिकाचे आंकडे भरंवशाचे नव्हते, हें आयोगानेंही नमूद केलें. या गोष्टीचा परिणाम इतिहासलेखनावर आजवर टिकून आहे. अमर्त्य सेन यांनीं इ. स. १९८१ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, १९४३ चा धान्यपुरवठा मागील पांच वर्षांच्या सरासरीहून शेंकडा पांचांनींच कमी होता. सबब दुष्काळाचें कारण धान्याच्या तुटीपेक्षां तें मिळविण्याची ऐपत नाहींशी होण्यांत शोधावें. त्यांच्या प्रतिपक्ष्यांनीं याच आंकड्यांच्या विश्वसनीयतेवर आक्षेप घेतला. शेंकडा पांचांचा फरक, आणि तो ज्या आंकड्यांतून निघाला त्यांची चूक किती हें कोणीच सांगूं शकत नाहीं, अशी ही स्थिति आहे. सेन यांच्या सिद्धान्तास इतरही आधार आहेत. परंतु एवढ्या एका आंकड्याच्या बळावर कोणत्याही पक्षानें निकाल मागूं नये.

(७)

यदृच्छ नमुन्यानें सर्व दोष गेले असें मात्र नाहीं; आणि हें दाखविणारा एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म इ. स. १९११ त सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकून ते लंडनला गेले व इ. स. १९४० पासून दिल्लीच्या शेतकी संशोधन परिषदेंत संख्याशास्त्राचें काम पाहूं लागले. गहूं, भात वगैरे पिकांच्या कापणीचे प्रयोग त्यांनीं अनेक प्रांतांत चालविले. वऱ्हाडांत अकोला जिल्ह्यांत कपाशीवरही असे प्रयोग झाले व त्यांत विनायक गोविंद पानसे यांचा भाग होता.

महालनोबिस यांच्या रीतींत कापणीचा तुकडा लहान, कांहीं फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा असे. तो लवकर कापून होतो, म्हणून तेवढ्याच खर्चांत पुष्कळ तुकडे घेतां येतात, व वर्गमुळाच्या नियमानें चूक घटते. सुखात्मे यांच्या परिषदेनें ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा, एवढा मोठा तुकडा पत्करला. इ. स. १९४६ त ‘नेचर’ या विलायती नियतकालिकांत व दुसऱ्या वर्षीं अमेरिकेंतील संख्याशास्त्रीय नियतकालिकांत सुखात्मे यांनीं असें मांडलें कीं, एकाच शेतांत लहानमोठे तुकडे कापून पाहतां लहान तुकड्यांवरून निघणारें उत्पन्न फाजील येतें, आणि तुकडा जितका लहान तितकें फाजील अधिक.

याचें कारण दोरीवर असतें. हद्दीवर जें रोप येतें तें आंत कीं बाहेर, हें कापणाऱ्याचा हात ठरवितो. आणि हात भरलेलीं कणसें आंत ओढतो. ही कड फक्त एक इंच बाहेर सरकली असें धरून हिशेब करूं. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळांत क्षेत्र शेंकडा साडेआठांनीं वाढतें. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळांत शेंकडा सवाचारांनीं. परिषदेच्या लांबट चौकोनांत शेंकडा दीडानें. आतां वर्तुळें शंभर कापा कीं दहा हजार कापा, ही चूक रतिभरही कमी होत नाहीं, कारण प्रत्येक तुकड्यांत ती एकाच बाजूस झुकलेली आहे. हिलाच अभिनति म्हणतात. यदृच्छ चूक कधीं इकडे, कधीं तिकडे जाते व संख्या वाढली कीं आपसांत फिटते. अभिनति फिटत नाहीं. उलट नमुना वाढला कीं चुकीचें गणिती माप लहान दिसूं लागतें आणि खोटा आंकडा अधिक खात्रीचा वाटूं लागतो.

महालनोबिस यांसही फार लहान तुकड्यांचा दोष ठाऊक होता. वर्तुळ पुरेसें मोठें व कापणारे पढवलेले असले तर तो नगण्य होतो, असें त्यांच्या बाजूचें म्हणणें. मोठे तुकडे घेण्यास वसूलखात्याच्या नोकरांवर विसंबावें लागतें व त्यांच्यावर देखरेख कठीण, हाही त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. सुखात्मे यांचें उत्तर असें कीं, कापणीच्या दिवशीं गांवांत हजर असणारा हाच एक नोकर होय, व हें काम पुढें देशभर त्यालाच करावयाचें आहे. हा वाद पुष्कळ वर्षें चालला. इ. स. १९५० त सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे धान्याचे अंदाज त्या दशकांत सरकारी अंदाजांहून वरचढ येत राहिले, तेव्हां तो पुन्हां जागा झाला. दोन आंकडे भिन्न आले म्हणजे त्यांपैकीं एक खरा असलाच पाहिजे, असेंही नाहीं. एक वर झुकलेला व दुसरा खालीं झुकलेला असूं शकतो. सरकारी पद्धतीनें अखेर मोठा तुकडा कायम केला. दोन्ही पुरुषांचें ऋण देशावर आहे: एकानें यदृच्छ चुकीस लगाम घातला, दुसऱ्यानें अभिनतीकडे बोट दाखविलें.

(८)

इ. स. १९५७ त दशमान नाणीं आलीं आणि पुढें आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्रांत टंचाईच्या निर्णयांत पन्नास पैशांची रेघ अनेक वर्षें धरली गेली. इ. स. २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेंतही भरपाईचा हिशेब पीक-कापणीच्या प्रयोगांवर बसविण्यांत आला. नांवें बदललीं, तरी रेघेच्या अलीकडे कीं पलीकडे, हा खेड्याचाच प्रश्न राहिला. आणि दोरी ताणणाऱ्याचा हातही माणसाचाच राहिला.

संशोधकानें यापासून घ्यावयाचें तें असें. आंकडा दिसला म्हणजे तीन गोष्टी विचाराव्या. तो सर्वांची गणना करून आला, नमुन्यावरून आला, कीं नुसत्या नजरेनें? नमुन्यावरून आला असल्यास तो कोणी व कसा निवडला? आणि मोजणाऱ्याचा हात कोणत्या बाजूस झुकण्याचें कारण होतें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें न मिळालीं, तरी तिसऱ्याचें उत्तर कागदांतच बहुधा असतें: सारा घेणाऱ्याचा आंकडा, सारा देणाऱ्याचा आंकडा, आपल्या सैन्याची संख्या सांगणाऱ्याचा आंकडा. एकाच बाजूचे दहा कागद जमविल्यानें आंकडा दहापट बळकट होत नाहीं. दहाही एकीकडे झुकलेले असतात. निरनिराळे स्वार्थ असलेले दोन कागद स्वतंत्रपणें जुळले, तर त्यांचें वजन त्या दहांहून अधिक मानावें. महालनोबिस यांच्या दोन टोळ्यांचें तत्त्व तेंच होय, आणि दप्तरांत बसून काम करणाऱ्यासही तें पाळतां येतें.